सुई की गोळी?

सांधे सुजविणाऱ्या संधिवाताने आमच्या बोटांचा ताबा घेतल्यास आता सहा वर्षे होतील. मेथोट्रेक्झेटने भागेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी दोन मार्ग पुढे ठेविले: अडालिमुमॅबची सुई दर पंधरवड्यास स्वहस्ते टोचून घ्यावी, अथवा टोफासिटिनिबची गोळी दिवसातून दोनदा गिळावी. पहिले औषध प्रथिनरूप. ते पोटात पचून जाते, म्हणून सुईवाचून गत्यंतर नाही.

मन तत्काळ गोळीकडे धावले. का धावले हे तपासता थोडी शरम वाटली. सुईचे दुःख क्षणाचे. खडू धरताना होणाऱ्या वेदनेपुढे ते काहीच नव्हे. खरी गोष्ट अशी की, गोळी चहाबरोबर गुपचूप घेता येते आणि आपण रोगी आहो हे विसरता येते. सुई दर खेपेस त्याची कबुली घेते.

शिवाय जे गिळता येते ते सौम्य, ही आमची बाळबोध समजूत! २०२१ साली अमेरिकेच्या औषध-नियामकांनी याच गोळीवर हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या व कर्करोग यांविषयीचा इशारा अधिक कडक केला. ज्या पाहणीवरून तो निघाला, तीतील रोगी पन्नाशीचे वा त्यापुढील, हृदयविकारास पोषक असे एखादे तरी कारण अंगी असलेले. रक्तदाबामुळे आम्ही त्याच पंक्तीतले. सुईही निर्दोष नव्हेच. सुप्त क्षय जागा होण्याचे भय दोहोंतही आहे, आणि शीतकपाटात लोणच्याच्या बरणीशेजारी तिला जागा द्यावी लागते ती वेगळीच.

“मी टोचीन,” असे सौभाग्यवती म्हणाल्या. आम्ही नको म्हटले. परवा पहिली सुई आम्हीच टोचली. हात थरथरला, तो मात्र संधिवाताने नव्हे.