बालकाची वार्ता कोणाच्या कानी घालावी?



नारदमुनींवर आपण लोकव्यवहारात मोठा अन्याय केला आहे. इकडची गोष्ट तिकडे करून भांडणे लावणाऱ्यास आपण ‘कळीचा नारद’ म्हणतो. परंतु श्रीमद्भागवताच्या चौथ्या स्कंधात हेच मुनी कसे वागतात ते पाहावे. सावत्र मातेच्या शब्दांनी विद्ध झालेला पाच वर्षांचा ध्रुव घर सोडून निघाला. मुनींनी त्याच्या मस्तकी हात ठेविला, त्याचे मनोगत ऐकून घेतले, त्याचा निश्चय पारखला आणि मग त्यास मधुवनाची वाट दाखविली. कथा येथे संपत नाही. त्यानंतर मुनी उत्तानपाद राजाकडे गेले आणि पश्चात्तापाने झुरणाऱ्या त्या पित्यास त्यांनी पुत्राविषयी धीर दिला. आधी बालकाचे ऐकावे, आणि ज्यास सांगितल्याने त्याचे हित होईल त्यासच सांगावे, ही वार्ता नेण्याची खरी रीत होय.

सातव्या स्कंधात याच्या उलट चित्र आहे. प्रल्हादाचे गुरू शंड व अमर्क यांनी शिष्याचे वर्तन पाहिले आणि भयाने ते हिरण्यकशिपूच्या कानी घातले. वार्ता खोटी नव्हती. परंतु ज्याच्यापासून मुलास भय, त्याच्याच हाती ती दिली गेली. पुढे त्या बालकावर काय ओढवले ते आपण जाणतोच. आजही एखाद्या मुलाच्या पाठीवर वळ दिसले, त्याने गुरुजींजवळ मन मोकळे केले, आणि गुरुजींनी सद्भावनेनेच मारणाऱ्यास बोलावून “मुलगा असे सांगतो” म्हटले, तर त्या मुलाची रात्र कशी जाईल याचा विचार करावा.

मग गप्प बसावे काय? तेही नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली, तेव्हा शाळेने पोलिसांस का कळविले नाही, हा प्रश्न न्यायालयात उभा राहिला. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यान्वये असा प्रकार ठाऊक असणाऱ्या प्रत्येकाने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. न कळविणे हा दंडनीय अपराध आहे, आणि शुद्ध हेतूने कळविणाऱ्यास संरक्षण आहे. घराण्याची किंवा संस्थेची अब्रू हे मौनाचे कारण होऊ शकत नाही.

आपले निर्मल खेळण्यांचे गाव. पोणिकीच्या हलक्या लाकडातून कारागीर एकेक अवयव निराळा कोरतो आणि चिंचोक्यांच्या खळीने ते सांधतो, तेव्हा कोठे मोर किंवा हरिण उभे राहते. बालकाच्या दुःखाचेही तसेच आहे. शाळेस गैरहजेरी दिसते, अंगणवाडीस घटलेले वजन, दवाखान्यास जखम, शेजाऱ्यास रडणे. प्रत्येकाजवळ एकच तुकडा असतो आणि प्रत्येकास वाटते की एवढ्याशा गोष्टीचे काय सांगावे! तुकडे सांधले गेले नाहीत, तर मूल कोणास दिसतच नाही.

समजा, आठवीतील एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. घरून उत्तर आले की मावशीकडे नांदेडला गेली, तिकडेच मराठी शाळेत शिकेल. शाळेने नाव कमी केले. पण दाखला नेण्यास कोणी आले नाही, हे गुरुजींस ठाऊक. त्याच घरच्या मुहूर्ताची चौकशी झाली, हे आपल्या पुरोहितांस ठाऊक. मुलगी कोठेही गेलेली नाही, परसात रडते, हे शेजारणीस ठाऊक. तिघांचे तीन तुकडे जुळले असते, तर एक बालविवाह टळला असता. म्हणून हा विषय केवळ शाळेचा नव्हे, देवळाचाही आहे. वधू अठरा व वर एकवीस वर्षांचा असल्याचा पुरावा पाहिल्यावाचून मुहूर्त सांगू नये. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणाराही शिक्षेस पात्र आहे. आणि कायदा नसता तरी ते पाप आपल्याच माथी येते.

आता सांगावे कोणास? १९९६ साली मुंबईत आरंभ झालेली १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनिसेवा रात्रंदिवस व विनामूल्य चालते. सीमेच्या अलीकडे तेलंगणात आणि पलीकडे महाराष्ट्रात क्रमांक एकच. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वये जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. अध्यक्ष व चार सदस्य बालकाच्या आश्रयाचा व संरक्षणाचा निर्णय करतात. आपण न्यायाधीश होऊ नये, पुरावा शोधीत बसू नये. जे पाहिले, ज्या दिवशी पाहिले, तेवढेच सांगावे. मुलास मात्र “कोणास सांगणार नाही” असे खोटे वचन देऊ नये. “तुझे रक्षण करील त्यासच सांगेन” असे म्हणावे.

आणि कोणास सांगू नये? ओट्यावर, पंगतीत, भजनाच्या बैठकीत त्या बालकाचे नाव जिभेवर येऊ देऊ नये. त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्यानेही मनाई आहे. वार्ता योग्य स्थळी पोचली तर ती औषध होते. गावभर फिरली तर त्याच मुलास दुसरी जखम करते.

बासरच्या ज्ञानसरस्वतीपुढे आपण लेकरास मांडीवर घेतो आणि त्याचे बोट धरून पहिले अक्षर गिरवितो. ते बोट त्या दिवसापुरते धरावयाचे नसते. मूल आपल्या घरचे असो वा परक्याचे, त्याच्या भल्यासाठी वेळेवर व योग्य ठिकाणी उच्चारलेला शब्द देवी आपली सेवा म्हणूनच स्वीकारील.

शुभं भवतु.