विचलन कोणाचे?

एखाद्या कृतीचे सामान्यापासूनचे वेगळेपण कोठून येते, असे विचारले की आपली समीक्षा बहुधा उगमाकडे वळते. वंश, परिसर आणि काल ही तेनची त्रयी आज कोणी उघडपणे उच्चारीत नाही. तरीही जडणघडणीचा तपशील पुरेसा गोळा केला म्हणजे वेगळेपणाचा हिशेब पुरा होतो, ही धारणा व्यवहारात टिकून आहे. भौतिकीतील एका प्रश्नाच्या आधारे तिची परीक्षा करता येईल. १९९६ च्या सोकल प्रकरणानंतर वाङ्मयाच्या अभ्यासकाने भौतिकीचे नाव जपूनच घ्यावे. म्हणून आधी वस्तुस्थिती.

अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे २००० पासून सोन्याची, आणि जिनिव्हाजवळील सर्न येथे २०१० पासून शिशाची अणुकेंद्रे प्रकाशवेगाच्या अगदी निकटच्या वेगाने परस्परांवर आदळविण्यात आली. अशा टकरीत सुमारे ४ लक्ष कोटी अंश तापमानाचे, क्वार्क आणि ग्लुऑन यांचे द्रव्य निर्माण होते. सेकंदाच्या अब्जांशाच्या अब्जांशाहूनही कितीतरी अल्प काळ ते टिकते; पण तेवढ्यात ते वाहते. ते विरळ वायूसारखे नसून जवळजवळ आदर्श द्रवासारखे वागते, असे ब्रुकहेवनच्या संशोधकांनी २००५ मध्ये जाहीर केले.

दोन गोल अणुकेंद्रे अर्धवट एकमेकांवर आली की सामाईक भाग बदामाच्या आकाराचा होतो. असंख्य टकरींची सरासरी काढली तर हा बदाम गुळगुळीत व सममित ठरतो, आणि सममितीमुळे प्रवाहात त्रिकोणी घटक उरत नाही. तो शून्यच मानला जात असे. मोजमापांत मात्र बाहेर पडणाऱ्या कणांच्या दिशांमध्ये असे काही अन्योन्यसंबंध दिसत होते, की त्यांच्यासाठी द्रवातून ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या कणाच्या आघाततरंगासारखी वेगळी कारणे कल्पावी लागली. २०१० मध्ये बुराक आल्व्हर व गुंथर रोलांड यांनी निराळा उलगडा मांडला. अणुकेंद्रातील प्रोटॉन-न्यूट्रॉन प्रत्येक टकरीत वेगळ्या जागी असतात. प्रत्यक्षातला बदाम खडबडीत असतो, आणि त्या खडबडीतूनच त्रिकोणी प्रवाह उद्भवतो. गुळगुळीत सरासरी टकर कधी घडलेलीच नव्हती. जी घटना घडली नाही तिला प्रमाण मानल्यामुळे घडलेल्या घटनांचे स्वरूप बाहेरच्या कारणांवर सोपवावे लागले होते. ‘कालखंडाचा प्रातिनिधिक लेखक’ असा शब्दप्रयोग करणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे.

येथवर उगमवाद्याचे समाधान होण्यासारखे आहे : वेगळेपण जन्मस्थितीतच होते. परंतु विचलनाचा दुसरा एक स्रोत आहे. प्रवाहातील असमानता श्यानतेमुळे, म्हणजे द्रवाच्या अंतर्गत घर्षणामुळे, शमते. हे घर्षण कणांच्या देवाणघेवाणीतून येते. आणि तीच देवाणघेवाण अनियमित असल्याने नवे विचलन सतत निर्माण करते. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये ब्राउनीय गतीच्या विवेचनात हे नाते दाखविले, लान्दाऊ व लिफ्शित्स यांनी १९५७ मध्ये ते द्रवप्रवाहाला लावले, आणि कापुस्टा, म्युलर व स्टेफानोव्ह यांनी २०१२ मध्ये सापेक्षतेच्या चौकटीत बसवून अणुकेंद्रांच्या टकरींकडे आणले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या प्रश्नावर काम झाले आहे. शमन आणि विचलन ही दोन परस्परविरोधी बळे नव्हेत. ती एकाच व्यापाराची दोन अंगे होत. पेलाभर पाण्यात हे जाणवत नाही, कारण रेणूंची संख्या १ वर २५ शून्ये इतकी असते. सापेक्ष विचलन कणसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. दहा हजार कणांच्या टकरीत ते शंभरात एक इतके होते, आणि प्रवाहाचा लहान अंश घेतला तर त्याहूनही अधिक. तेव्हा दोन टकरींचा आरंभ तंतोतंत सारखा धरला, तरी त्यांचा शेवट सारखा होणार नाही.

हे केवळ आपले अज्ञान होय, प्रत्येक कणाचा वृत्तान्त कळला तर यदृच्छा उरणार नाही, असा आक्षेप संभवतो. पण मग ‘द्रव’, ‘तापमान’, ‘श्यानता’ हे शब्दही उरणार नाहीत. हे शब्द ज्या पातळीवर अर्थपूर्ण ठरतात, त्या पातळीवर यदृच्छा वर्णनाचाच भाग असते. ‘लेखक’, ‘शैली’, ‘निवड’ हे शब्दही असेच एका पातळीचे आहेत. परंपरा म्हणजे श्यानता असे समीकरण मला मांडावयाचे नाही. ते सोपे आणि म्हणूनच धोक्याचे. माझा मुद्दा मर्यादित आहे : उगम आणि नियम दोन्ही ज्ञात असूनही एकट्या घटनेचे रूप त्यांतून निष्पन्न होत नाही.

मात्र उगमापासून सुटलेले ते सारे स्वातंत्र्य, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. औष्णिक विचलनाला कर्ता नसतो. जे कोणी निवडले नाही त्याचे श्रेय कोणाला देता येत नाही, दोषही देता येत नाही. परिस्थितीवर खापर फोडणारा आणि प्रतिभेचा जयघोष करणारा, दोघेही ही तिसरी शक्यता टाळतात. कारण तिच्यात कोणाचाच गौरव नाही.

आरंभाची खडबड आणि वाटेतले विचलन यांची वाटणी एका टकरीपुरती करताच येत नाही. असंख्य टकरी घेऊन, कणझोताच्या दिशेत दूरदूरच्या भागांतील प्रवाह कितपत जुळतात ते पाहावे लागते. आरंभीची खडबड त्या दिशेत लांबवर पसरलेली असते, औष्णिक विचलन स्थानिक असते. त्यामुळे ही जुळणी अंतरानुसार सैल होत जाणे हा त्याचा एक माग ठरू शकतो. पण आरंभीची खडबडही त्या दिशेत सर्वत्र एकसारखी नसते, आणि तीही ही जुळणी सैल करते.