आतली काजळी

आम्ही ज्या पिढीत वाढलो त्या पिढीतील मराठी घरांतून महिन्याकाठी एखाद्या रविवारी सर्व मुलांना ओळीने बसवून एरंडेल पाजले जाई. कोणाचे पोट बिघडले आहे की नाही, याची विचारपूस होत नसे. आत काहीतरी साठलेच असणार आणि ते अधूनमधून बाहेर काढलेच पाहिजे, अशी वडीलधाऱ्यांची श्रद्धा होती. पुढे शासकीय सेवेत मोटारींशी संबंध आला, तेव्हा ध्यानात आले की जुन्या मिस्त्रींची इंजिनाविषयी नेमकी हीच श्रद्धा आहे.

ती निराधार मुळीच नव्हती. पेट्रोल पूर्णपणे जळत नाही आणि त्याची काजळी पिस्टनच्या माथ्यावर व व्हॉल्व्हवर बसते. थर जाड झाला की चढावर इंजिन ठोके देऊ लागते. काही गाड्या तर चावी काढून घेतल्यावरही आतल्या तापलेल्या काजळीमुळे क्षणभर धडधडत राहत. जुन्या अँबेसेडरमधून फिरलेल्या वाचकांना हे आठवत असेल. दुसरी घाण खालच्या चेंबरमध्ये साठते. ऑइल तापून तापून जुने होते, त्यात पाण्याचा व जळक्या वायूंचा अंश मिसळतो आणि काळा, लोण्यासारखा गाळ तयार होतो. खरा उपाय एकच, हेड खोलून काजळी खरवडणे आणि चेंबर उतरवून गाळ पुसून काढणे. पण त्यात दोन दिवस जात, नवे गॅस्केट लागे, पैसे लागत. म्हणून न खोलता आतले स्वच्छ करण्याचे घरगुती उपाय निघाले.

काजळीवर पाण्याचा उपाय होता. इंजिन चांगले तापवून, रेस वाढवून, कार्ब्युरेटरच्या तोंडात बारीक नळीने थेंबथेंब पाणी सोडायचे. आत त्याची वाफ होई, तिच्या तडाख्याने काजळी सुटे आणि सायलेन्सरमधून बाहेर पडे. हेडचे गॅस्केट फुटून ज्या सिलिंडरात पाणी झिरपत असते, तेवढाच पिस्टन खोलल्यावर लखलखीत निघतो, हे कोणताही अनुभवी मिस्त्री सांगेल. बहुधा तेथूनच ही युक्ती सुचली असावी. मात्र धार जरा मोठी झाली की घात. पाणी दाबले जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाळावर रॉकेलचा उपाय होता. जुन्या ऑइलमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतायचे, काही मिनिटे इंजिन मंद चालवायचे आणि सगळे काढून टाकायचे. अमेरिकेत याच कामासाठी ‘मार्व्हल मिस्टरी ऑइल’ नावाचे तांबडे तेल १९२३ पासून विकले जाते, म्हणजे हा मोह काही आपल्याच गॅरेजांपुरता नाही. कार्ब्युरेटर जाऊन आता इंजेक्शनची इंजिने आली. त्यांतील काहींमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात पडते, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, आणि तेथे बसलेली काजळी अक्रोडाच्या कवचांच्या भुकटीचा मारा करून काढतात. असो.

आयुर्वेदात शोधन आणि शमन असे दोन मार्ग सांगितले आहेत. दोष बाहेर काढणे हे शोधन आणि आतल्या आत शांत करणे हे शमन. शोधनापूर्वी स्नेहन व स्वेदन करावे लागते आणि दुर्बल रुग्णास तीव्र विरेचन देत नाहीत. हे आम्ही नंतर वाचले. आधी वाचले असते तरी उपयोग झाला असता, असे म्हणवत नाही.

१९८९ साली आमची बदली पश्चिम निमाडात झाली. वय एकोणतीस, अंगात उत्साह. कार्यालयाच्या वाट्याला एक जुनी पेट्रोल जीप आणि आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठा चालक. जीपचे ऑइल डांबरासारखे काळे झालेले पाहून आम्ही रॉकेलने इंजिन धुण्याचा हुकूम सोडला. चालक म्हणाला, “साहब, पुरानी गाड़ी है. जमा हुआ है तो जमा रहने दीजिए, या फिर चेंबर खुलवाइए.” आम्हांस त्यात आळस दिसला. चेंबर खोलण्यासाठी वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागली असती, आणि ती मागण्याचा आळस आमचा होता, हे तेव्हा दिसले नाही.

रॉकेल ओतले, इंजिन दहा मिनिटे चालवले आणि चेंबरचा बोल्ट काढला. काळीकुट्ट धार घमेल्यात पडू लागली, तेव्हा कार्यालयातील मंडळी पाहावयास जमली. आम्हांस झालेले समाधान अजून आठवते. नवे, उत्तम प्रतीचे ऑइल घातले. अशा ऑइलमध्ये घाण सोडवणारी द्रव्ये असतात, त्यामुळे रॉकेलने नुसता सैल केलेला गाळ आता तुकड्यातुकड्यांनी सुटू लागला.

चौथ्या दिवशी बडवानीच्या रस्त्यावर ऑइल प्रेशरचा काटा खाली आला. चालकाने गाडी हळू केली आणि थांबावे लागेल असे सांगितले. अकरा वाजता बैठक होती. आम्ही म्हणालो, आधी पोहोचू, मग पाहू. पाच-सहा किलोमीटरवर आतून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला आणि इंजिन जाम झाले. वर्कशॉपमध्ये चेंबर उतरवले, तेव्हा ऑइल पंपाची जाळी गाळाने लिंपून गेलेली होती. ऑइल वर चढलेच नव्हते. बेअरिंगे गेली होती.

चौकशीच्या टिपणात लिहिले गेले की चालकाने परवानगीविना रॉकेल वापरले व प्रेशरकडे दुर्लक्ष केले. टिपण आमच्या हातचे नव्हते. त्याखालचा ‘सहमत’ हा शब्द आणि सही मात्र आमची. १,८०० रुपये त्याच्या पगारातून १२ हप्त्यांत वसूल झाले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर आला आणि आमची पुढची बदली होईपर्यंत तसाच येत राहिला.

तो गेल्याचे आम्हांस २०१६ मध्ये कळले. गेल्या वर्षी एका जुन्या सहकाऱ्याची भेट झाली, तेव्हा त्याने सहज सांगितले की त्याचा मुलगा खरगोनात दुचाकी दुरुस्तीचे दुकान चालवतो, आणि कोणी रॉकेलने इंजिन धुवून मागितले तर म्हणतो, “आमच्या वडिलांनी एकदा अशीच सरकारी जीप घालवली होती.” म्हणजे त्या माणसाने घरीही खरे सांगितले नव्हते. कदाचित सांगून उपयोग नाही असे त्यास वाटले असेल. कदाचित साहेबाचे नाव घ्यावयाचे नाही, ही त्या पिढीच्या नोकरीची शिस्त असेल.

तेव्हापासून आमच्या मनात एक प्रश्न घोळत आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा गाळ आता ढवळावा काय? मुलाचे बरे चालले आहे. वडिलांविषयी त्याच्या मनात एक गोष्ट बसली आहे आणि तीत कडवटपणा नाही. आम्ही जाऊन सांगितल्याने मोकळे कोण होणार, तो की आम्ही? घमेल्यात पडणारी काळी धार पाहून समाधान ओतणाऱ्यालाच होते, हे आम्हांहून अधिक कोणाला ठाऊक असणार? बसलेले बसू द्यावे, असे त्या चालकानेच तर म्हटले होते.

ही तुलना आम्हांस बरेच महिने पुरली. सोयीच्या तुलनेचा हा दोषच आहे; ती जेथे आपल्या फायद्याची असते तेथेच आपण तिला थांबवतो. माणूस म्हणजे जुने इंजिन नव्हे, आणि त्या मुलाच्या मनातील गोष्ट ही कालौघात साठलेली काजळी नसून आमच्या सहीने तेथे घातलेली वस्तू आहे. शिवाय चालकाचे वाक्य आम्ही इतकी वर्षे अर्धेच आठवत आलो. त्याने दोन मार्ग सांगितले होते, राहू द्या किंवा खोला. तिसरा, न खोलता धुण्याचा, तेवढा आमचा.

हा लेख लिहून झाल्यावर घरात वाचून दाखवला. सौ. म्हणाल्या की नाव-गाव न घालता मंडळाच्या अंकात लिहून टाकणे म्हणजे पुन्हा रॉकेलच झाले. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. इंदूरहून सकाळच्या बसने खरगोनला जाऊन संध्याकाळी परत येता येते. पुढच्या आठवड्याचा सोमवार मोकळा आहे.