‘घरी न्या, सेवा करा’ यापुढे काय?

कर्करोग हाडांपर्यंत पोचलेला असतो, किंवा हृदय, मूत्रपिंडं यांनी साथ सोडलेली असते, आणि एके दिवशी डॉक्टर मुलांना बाजूला घेऊन सांगतात, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ हा सल्ला बहुतेक वेळा योग्यच असतो, पण अर्धा असतो. रात्री दोन वाजता वेदना उसळली तर कोणतं औषध किती द्यायचं, गिळता येईनासं झालं तर ते कसं द्यायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून किती वेळाने कुशीवर वळवायचं, घशात घरघर सुरू झाली तर पुन्हा अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची का, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. हे शिकवणारं, अवेळी फोन उचलणारं, गरज पडली की घरी येणारं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, पथक सोबत नसेल, तर नुसतं घरी आणल्याने सेवा घडत नाही, असं मला ठामपणे वाटतं. आणि असं पथक मिळण्यासारखं असताना ते शेवटच्या आठवड्यापर्यंत न बोलावणं हा मुलांच्या कर्तव्यातला कसूर आहे, मग त्यामागे माया कितीही असो.

उशीर होतो तो बहुधा नावामुळेच. पॅलिएटिव्ह केअर किंवा हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातल्या रुग्णांना सांभाळणारं केंद्र, म्हटलं की घरात सन्नाटा पसरतो. आपण हात टेकले असं मुलांना वाटतं, आणि नातेवाईक तसं बोलूनही दाखवतात. प्रत्यक्षात काय दिसलं आहे? बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, उरलेल्यांना त्यांच्या जोडीला सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातल्या रुग्णांचे दिवस अधिक सुसह्य गेले, खिन्नता कमी राहिली, शेवटच्या काळातली आक्रमक उपचारांची धावाधाव कमी झाली. आणि ते सरासरीने जास्त जगले, ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. एका आजारावरच्या एका अभ्यासातून आयुष्य वाढण्याची हमी काढू नये. पुढच्या अभ्यासांत ते सगळीकडे दिसलेलंही नाही. पण त्रास कमी होतो, हे वारंवार दिसलं आहे. म्हणजे केमोथेरपी चालू असतानाही हे पथक बोलावता येतं. दोन्हींतलं एकच निवडायचं, ही आपलीच समजूत आहे.

याहून खोल भीती मॉर्फिनची. आपल्या हातून दिलेल्या गोळीने वडील गेले तर, हा प्रश्न मुलाला झोपू देत नाही. तो खोटा ठरवून चालणार नाही, त्याला उत्तर द्यायला हवं. वेदनेच्या प्रमाणात, थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवलेलं, ठरल्या वेळेला दिलेलं मॉर्फिन मृत्यू ओढवून आणत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, म्हणून सोबत रेचक द्यावं लागतं. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि गुंगी असते. हे आधी सांगितलं गेलं तर कुटुंब बिथरत नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हे औषध रुग्णालयांनाही दुर्मीळ करून टाकलं होतं. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांचं जंजाळ बरंच सुटलं. मनातला अडसर मात्र तसाच आहे. वेदना सोसण्यात काही पुण्य आहे असं ज्याला वाटतं, त्याने ती स्वतःपुरती सोसावी. आईच्या वतीने तो निर्णय घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. घरी सेवा म्हणजे प्रत्यक्षात कोणी करायची? निर्णय मुलगा घेतो, कौतुक त्याचं होतं. डायपर, चादरी, पातळ करून भरवायचं जेवण, रात्रीची जागरणं सुनेच्या किंवा नोकरी सोडून आलेल्या मुलीच्या वाट्याला येतात. या कष्टांवर उभी राहिलेली पितृभक्ती मला नैतिक वाटत नाही. म्हणूनच पथकाची गरज दुहेरी आहे. चांगली सिस्टर रुग्णाची नाडी पाहते तशी सेवा करणारीची झोपही विचारते, आणि कोणाच्या पाळ्या कधी, हे घरातल्या पुरुषांसमोर बोलू शकते. कधी चार दिवस रुग्णाला हॉस्पिसमध्ये ठेवून घरच्यांना उसंत द्यावी लागते. त्याला टाकून देणं म्हणणाऱ्यांनी आधी एक रात्र पाळी घ्यावी. आणि एखाद्या घरात माणसंच नसतील, किंवा सुनेने ‘मला हे झेपणार नाही’ असं सांगितलं, तर हॉस्पिसमधला पलंग हीदेखील सन्मानाची व्यवस्था आहे.

पण बोलवायचं कोणाला? वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य सांभाळत आलं आहे. मोठ्या शहरांबाहेर अशी सोय मिळणं अजून अवघड आहे. केरळने २००८ साली यासाठी स्वतंत्र धोरण केलं, आणि तिथे पंचायतींच्या आधारावर सिस्टर घरोघरी जातात. आपल्याकडे आशाताई गर्भवतींच्या आणि बाळांच्या नोंदींसाठी दारोदार फिरतातच. त्यांच्या वहीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाचंही नाव चढावं, त्या जादा कामाचा रास्त मोबदला त्यांना मिळावा, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिनचा साठा व ते लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर असावा. एवढं झालं, तर भोकरदन किंवा एटापल्लीच्या डॉक्टरला ‘घरी न्या’ म्हणताना सोबत एक फोन नंबरही लिहून देता येईल.