शांतपणे बोललेलं खोटं

कंबर दुखायला लागली म्हणून मी योग सुरू केला. वय २८, रोज दहा तास खुर्चीत. मोजे घालतानाही कळ यायची. रोज सकाळी मार्जारासन, भुजंगासन, शेवटी दहा मिनिटं प्राणायाम. चार महिन्यांत कंबर मोकळी झाली, झोप लागू लागली. श्वास हळूहळू, लांबवत सोडला की हृदयाचे ठोके खरंच मंदावतात; तिथे श्रद्धेचा प्रश्न नाही, शरीराची घडणच तशी आहे.

मग एका मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, "टेस्टिंग पूर्ण झालं?"

झालं नव्हतं. मी दोन संथ श्वास घेतले आणि म्हणालो, "हो, झालंय."

पूर्वी असं काही बोलताना माझे तळहात ओले व्हायचे. त्या दिवशी काहीच झालं नाही. रिलीजनंतर बग निघाला. टीममध्ये नव्यानेच आलेल्या मुलीनं रात्री दोनपर्यंत जागून तो निस्तरला. चूक तिचीच, असं सगळ्यांनी धरून चाललं. मी गप्प. एकदम शांत.

योगानं मला बरं केलं, की फक्त निवांतपणे खोटं बोलायला शिकवलं?

पतंजलींची अष्टांगं मी त्यानंतर नीट वाचली. आसन तिसरं आहे. त्याआधी यम आणि नियम. यमांत पहिली अहिंसा, दुसरं सत्य. अख्ख्या योगसूत्रांत आसनाबद्दल थेट बोलणारी सूत्रं जेमतेम तीन. मी पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारली होती.

कुणी म्हणेल, कंबरदुखीच्या गोळीला आपण नीतिमत्ता विचारतो का? नाही विचारत. पण गोळी मनाला वळण लावत नाही, योग लावतो. आणि प्रत्येक धडधड आजार नसते. काही वेळा तो अलर्ट असतो. मी अलर्ट म्यूट केला होता आणि बग आत तसाच ठेवला होता.

आसनात ताण सहन करत थांबायला आपण शिकतो. ते थांबणं फक्त मॅटपुरतंच असेल, तर तो चांगला व्यायाम आहे, इतकंच. खरं बोलण्याचा ताण येतो तेव्हाही तिथून न पळणं, हे मला जमलेलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्याच मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर सांगितलं, "टेस्टिंग माझं राहिलं होतं. चूक तिची नव्हती."

आवाज कापत होता. मी तो कापू दिला.