कुकडीचे रांजण

निघोजला गेलो. पारनेर तालुका. कुकडी नदीच्या पात्रात काळ्या पत्थरात रांजण कोरलेत, एकाला एक चिकटून, खोल खोल. लोक म्हणतात, देवीची करणी. मी वाकून तळ बघितला. गोल गोटे पडलेले. पुराच्या भोवऱ्यात हेच गोटे गरगर फिरतात, खडक घासतात. करणी त्यांची.

रांजण म्हटलं की आपल्या बापजाद्यांना काय आठवायचं? दुसऱ्याच्या दारातला, हात न लावायचा. पाणी वरून ओतणार, आपण ओंजळ धरायची.

सोबतचा म्हातारा बोलला, "बघ पोरा, पाण्यानं दगडबी झिजतो. सबुरी ठेव."

म्हटलं, आबा, हा खडक लाव्हारसाचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. त्याला सबुरी परवडते. माणसाला एकच जन्म. आणि जात काय जमिनीतून उसळून आली? माणसानं रचली, माणसानंच मोडायची. २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ते काळाची वाट बघत बसले नव्हते.

मित्रांनो, खडक नुसत्या पाण्यानं असा कोरला जात नाही. गोटा लागतो. फिरता फिरता तोही झिजतो. आपली झिजायची तयारी आहे का, एवढाच सवाल.