वस्तीची निवड

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण जेव्हां रूढ झाली, तेव्हां घर कोठें बांधावयाचें हा प्रश्न फारसा कोणास पडत नसावा. वाडवडिलांची आळी, जातीचा वाडा, गांवची शीव या गोष्टी जन्माबरोबरच ठरून येत. शहरांत राहणाऱ्या आजच्या मध्यम स्थितीच्या गृहस्थाला मात्र घराच्या आधीं वस्ती निवडावी लागते. आयुष्याची शिल्लक आणि पुढील पंधरावीस वर्षांचे हप्ते तो एका सहीनें बांधून टाकतो. आणि अशा वेळीं आप्तेष्ट त्याला प्रथम एकच प्रश्न विचारतात : ‘वस्ती चांगली आहे ना?’ हा प्रश्न दिसतो व्यवहाराचा. परंतु त्यांतील ‘चांगली’ या शब्दाचा अर्थ लावूं गेलें, म्हणजे तो नीतीचाहि आहे असें आढळून येतें.

प्रारंभींच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपलीं मुलेंमाणसें निर्धास्त राहावीं, आणि घराच्या कर्जापायीं दूध, औषध व शिक्षण यांवर गदा येऊं नये, असें वाटणें हा स्वार्थ नव्हे. तें कुटुंबवत्सल माणसाचें कर्तव्यच आहे. अशा माणसास दोष देणारा उपदेश आम्हांस करावयाचा नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ‘सुरक्षित’ या एका शब्दाखालीं आपण दोन अगदीं भिन्न गोष्टी एकत्र करतों कीं काय? एक सुरक्षितपणा संकटापासूनचा. दुसरा अपरिचित माणसापासूनचा. पहिला कष्टानें पारखून घ्यावा लागतो. दुसरा पैसे मोजून विकत मिळतो, आणि बहुधा पहिल्याच्याच नांवाखालीं विकला जातो.

पहिल्याविषयीं पुण्याचें उदाहरण बोलकें आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां मुठेच्या पाण्यानें शनिवार, नारायण, कसबा अशा जुन्या व नांवाजलेल्या पेठांतील नदीकांठचे भाग बुडविले. वस्तीचा लौकिक पाण्याला ठाऊक नव्हता. पुढें २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबील ओढ्यास लोंढा आला, आणि मुठेपासून दूर असलेल्या सहकारनगर व अरण्येश्वर या बाजूंस पाणी घरांत शिरून माणसें दगावलीं. वर्षांतील बहुतेक दिवस ओढ्यांत पाणी बेताचेंच असतें; म्हणून तो ओढा आहे याचाच विसर पडतो. त्याच्या पात्रांत भराव पडतात, भिंती उठतात आणि पाण्याची वाट अरुंद होत जाते. सरकारी नकाशावर नदीकांठीं एक निळी व एक तांबडी अशा दोन पूररेषा काढलेल्या असतात. पहिली सरासरी पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदां’ याचा अर्थ ‘आपल्या हयातींत नाहीं’ असा नव्हे. तो पूर पुढल्याच पावसाळ्यांत येऊं शकतो. दिवाणखान्याच्या फरशीची चौकशी चारदां करणारा गृहस्थ या रेषांची चौकशी एकदांहि करीत नाहीं, हें नवल आहे.

यावरून किंमतीसंबंधींहि कांहीं बोध घेतां येतो. एखादी वस्ती स्वस्त असते, तिची कारणें मुख्यतः दोन. कधीं तेथें खरेंच न्यून असतें : जमीन सखल, जागेची मालकी वादग्रस्त, पाणी टँकरचें, किंवा कामाचें ठिकाण इतकें लांब कीं वांचलेले पैसे आगगाडींत आणि गेलेला वेळ कोणाच्याच हिशेबांत नाहीं. अशी स्वस्ताई महाग पडते. कधीं मात्र वस्तीला नुसतें नांव वाईट असतें. आणि तें नांव तेथें कोणत्या जातीचे, धर्माचे वा धंद्याचे लोक राहतात यावरून पडलेलें असतें. पहिल्या स्वस्ताईपासून दूर राहणें हा शहाणपणा होय. दुसरीपासून दूर राहणें यास शहाणपणा म्हणावें काय?

इतिहास या बाबतींत फार स्पष्ट बोलतो. परदेशीं उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ सालीं बडोदें संस्थानांत नोकरीस गेले, तेव्हां त्या शहरांत त्यांना राहावयास जागा मिळेना. ते एका पथिकाश्रमांत दुसऱ्या नांवानें राहिले. पण खरी गोष्ट कळतांच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं त्यांना बाहेर काढलें. पुढें १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं दादरच्या हिंदु कॉलनींत ‘राजगृह’ हें आपलें घर बांधलें. बडोद्याच्या त्या जमावालाहि आपण आपली वस्ती सुरक्षित राखीत आहों असेंच वाटलें असेल. आज काठ्या उगारल्या जात नाहींत. आडनांव विचारलें जातें, स्वयंपाकघरांत काय शिजतें याची सभ्यपणें चौकशी होते, आणि जागा ‘नुकतीच गेली’ असें सांगण्यांत येतें. कायदा येथें नेहमींच आड येतो असेंहि नाहीं. अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यांत सभासदत्व एकाच समाजापुरतें राखणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं वैध ठरविला. परंतु कायद्यानें जें चालतें तें सर्व सज्जनास शोभतेंच असें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, चोरीची व स्त्रियांच्या छेडछाडीची भीति खोटी आहे काय? मुळींच नाहीं. रात्रीं दहा वाजतां कामावरून परतणाऱ्या मुलीच्या बापाला समतेवर प्रवचन देणें निर्दयपणाचें होईल. मात्र त्या भीतीचें उत्तर शेजाऱ्याच्या आडनांवांत सांपडत नाहीं. रस्त्यावर दिवे आहेत काय, दुकानें उशिरापर्यंत उघडीं असतात काय, गाडीच्या थांब्यापासून घरापर्यंत माणसांची वर्दळ आहे काय, हें पाहावें. आणि दलालाला न विचारतां तेथेंच राहणाऱ्या स्त्रियांना विचारावें. उंच भिंतीआडची, बाहेर चिटपाखरूं नसलेली गल्ली गजबजलेल्या आळीपेक्षां निर्धोक असतेच असें नाहीं. वस्ती एकदां रात्रीं व एकदां भर पावसांत पाहिल्यावांचून विसार देऊं नये. स्थावर संपदेचा २०१६ चा कायदा झाल्यापासून नव्या इमारतींची पुष्कळशी माहिती घरबसल्या पाहतां येते, हा मोठा लाभ आहे. परंतु शेजार कसा आहे हें कोणत्याहि दप्तरांत नोंदलेलें नसतें.

शेवटीं, वस्ती ही घराप्रमाणें तयार विकत घेण्याची वस्तु नव्हे. आपण तेथें राहावयास गेलों कीं आपणहि तिचा भाग होतों, आणि आपल्यानंतर येणारा मनुष्य ‘वस्ती चांगली आहे ना?’ असें विचारतो तेव्हां तो आपल्याविषयींच विचारीत असतो. आपल्या आवाराची भिंत ओढ्यांत दोन हात सरकली, तर आपलें अंगण वाढतें आणि पाणी खालच्या झोंपड्यांत शिरतें. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणारी बाई व रात्रीं दारावर बसणारा राखणदार यांना जवळपास राहावयास परवडत नसेल, तर त्यांना सखल, धोक्याच्या जागींच पाठ टेकावी लागते. दुसऱ्यावर संकट लोटून मिळविलेल्या निर्धास्तपणाला आम्ही सुरक्षितपणा म्हणणार नाहीं. म्हणून घर घेणाऱ्यानें ‘ही वस्ती माझ्या मुलांस सुखाची होईल काय’ हा प्रश्न अवश्य विचारावा. आणि माझ्या येण्यानें ती इतरांच्या मुलांसहि सुखाची राहील काय, हाहि प्रश्न त्याच वेळीं स्वतःस विचारावा. दुसऱ्याचें उत्तर देण्याची तयारी असेल, तर पहिल्याचेंहि उत्तर बरेंचसें आपल्या हातीं राहतें.